नऊ ओंब्या

पार्सल व्हिएन्नाहून आलं होतं. त्यात तपकिरी मखमली फितीची गुंडाळी होती, एक पत्र होतं आणि गुळगुळीत कागदावर छापलेली बत्तीस पानी पुस्तिका होती. इल्का हाल्मोशीने आधी पुस्तिका उघडली. चष्मा लावून, खिडकीशी उभं राहून तिने ती अथपासून इतिपर्यंत वाचली. मग परत वाचली, या वेळी ओळीखाली बोट ठेवून. तिचं नाव कुठंही नव्हतं.

पुस्तिका हाल्मोशी घराण्याच्या मुकुटावर होती. हिऱ्यांच्या नऊ ओंब्या, मधली सगळ्यात उंच, बाकीच्या दोन्हीकडे उतरत गेलेल्या, वाऱ्याने एका अंगाला कलल्यासारख्या. घरात त्याला मुकुट कुणी म्हणत नसे, ओंब्याच म्हणत. ज्यांनी जन्मात विळा धरला नाही त्यांनी गव्हाची ओंबी डोक्यावर मिरवायची आणि ज्यांनी गहू कापला त्यांनी चर्चच्या दाराशी टोप्या काढून ती पाहायची, अशी ती व्यवस्था. १८२७ साली पेश्त शहरातल्या एका सोनाराने ओंब्या घडवल्या तेव्हापासून ती चालत आली होती.

पुस्तिका लिहिली होती इल्काच्या भाच्याने, क्रिस्टोफने. इल्काचा मोठा भाऊ गाबोर १९४८ साली, कम्युनिस्ट राजवट आली तेव्हा, सरहद्द ओलांडून ऑस्ट्रियात पळाला होता, क्रिस्टोफ हा त्याचा मुलगा. आता राजवट बदलली होती, सरहद्दीवरच्या तारा निघाल्या होत्या, आणि क्रिस्टोफला लग्न आपल्या मूळ गावी, किशहाल्मोशच्या चर्चमध्ये, खापरपणजोबांच्या थडग्यासमोर करायचं होतं. पाहुण्यांना वाटायला म्हणून त्याने हा इतिहास छापून घेतला होता. नवव्या पानावर ओंब्या घालणाऱ्या बायकांची यादी होती: आमालिया, फ्रान्सिस्का, लेओंतिना, मेलिंडा, हेडविग. त्याखाली जागा मोकळी ठेवून होणारी नवरी, योहाना. सगळ्या सुना. यादीखाली एक ओळ होती: ‘१९४४ ते १९९२: कुटुंबाच्या ताब्यात सुरक्षित.’

ते कुटुंब म्हणजे इल्का. तो ताबा म्हणजे तिच्या स्वयंपाकघरातलं, मैद्याच्या डब्यामागचं बुटांचं खोकं.

पत्र गोड होतं. क्रिस्टोफने रिवाजाची आठवण करून दिली होती. मुकुटाची खालची पट्टी उघडी ठेवत नाहीत. नवरीच्या केसांच्या रंगाची फीत तिच्यावर घट्ट गुंडाळतात, म्हणजे धातू दिसत नाही आणि केसांचे आकडे त्या फितीत रुततात. हाल्मोशींकडे जुनी फीत कधी काढत नसत, आधीच्या सुनेच्या फितीवर नव्या सुनेची चढे. आणि गुंडाळायचा मान नवऱ्यामुलाच्या घरातल्या बिनलग्नाच्या बाईचा. योहानाचे केस तपकिरी आहेत, सोबत फीत पाठवतो आहे, आत्या, तुम्ही शनिवारी दहापर्यंत गुंडाळून घेऊन या, तुमची जागा तिसऱ्या बाकावर राखली आहे.

‘मान’ या शब्दावर इल्काने चष्मा काढून टेबलावर आपटला.

शेजारची तेर्का आवाज ऐकून आली. दोघींनी तीस वर्षं बल्बच्या एकाच कारखान्यात काढली होती. इल्का पॅकिंगला होती आणि तेर्का बल्बमधल्या तारेची गुंडाळी करायला. काय झालं, काउंटेसबाई, असं तेर्काने विचारलं. ती चेष्टेत नेहमी असंच म्हणे, आणि इल्काला ते चाले, कारण तेर्का तिला चेष्टेत काउंटेस म्हणत होती आणि घरच्यांच्या लेखी ती खरोखरच कुणी नव्हती. तेर्काने पुस्तिका चाळली, फोटो पाहिले, आणि विचारलं की एवढ्या बायका आहेत, तू कुठं आहेस.

“मी ताब्यात आहे,” इल्का म्हणाली.

क्रिस्टोफने जे लिहिलं नव्हतं ते इल्काला तिच्या आत्याने सांगितलं होतं. आत्याला तिच्या आत्याने. या घराण्यात मुकुट सुनेकडून सुनेकडे गेला, पण तो वाचला कसा, ही हकीकत आत्याकडून भाचीकडे गेली, आणि ती कुणी कधी कागदावर उतरवली नाही.

१८४९ साली उठाव मोडला आणि ऑस्ट्रियन शिपाई झडतीला आले. काउंटेस फ्रान्सिस्का ओंब्या टाकून माहेरी पळाली होती. तिची नणंद बोर्बाला मागे राहिली. बोर्बालाने ओंब्या अंड्यांवर बसलेल्या हंसिणीखाली सरकवल्या आणि स्वतः अंगणात वाटाणे सोलत बसली. हंसिणीने दोन शिपाई आणि एक कॉर्पोरल असे तिघे फोडून काढले. ओंब्या वाचल्या, फ्रान्सिस्का परत आली, मुकुट घालून नाचाला गेली. बोर्बालाचं लग्न झालं नाही. हुंडा उठावात पकडलेल्या भावाच्या सुटकेत गेला होता.

१९१९ साली कम्युनिस्टांचं लाल सरकार आलं तेव्हा इल्काची सख्खी आत्या झुझान्ना मठात जोगीण होती. हुंड्याचा खर्च टाळायला घरच्यांनीच तिला तिथं घातलं होतं. काउंटेस लेओंतिनाने रातोरात तिच्याकडे ओंब्या पोचवल्या. झुझान्नाने स्क्रू काढून नऊही ओंब्या सुट्या केल्या आणि झग्याच्या खालच्या घेरात शिवल्या. चार महिने ती तशीच गुडघ्यावर बसून प्रार्थना करत होती. हिरे काचेपेक्षा कडक असतात, नडगीची कथा काय. इल्काने लहानपणी ते वण पाहिले होते, नऊ नाही, जास्तच. सरकार पडलं, ओंब्या जोडल्या गेल्या, दोन वर्षांनी इल्काच्या आईने, मेलिंडाने, लग्नात घातल्या. झुझान्ना लग्नाला नव्हती. मठातून सुट्टी मिळाली नाही म्हणे.

आणि १९५१. इल्का पंचवीस वर्षांची होती. चोवीस तासांत बुडापेस्ट सोडा, असा कागद दारात आला. आई, वडील आणि इल्का, तिघांना मालगाडीतून मैदानी मुलखातल्या नादाशपुस्ता नावाच्या गावी नेऊन बाको नावाच्या विधवेच्या मागच्या खोलीत टाकलं. ओंब्या चरबीच्या डब्यात होत्या. इल्काने डुकराची चरबी वितळवून डब्यात ओतली होती, त्यात मुकुट उभा बुडवला होता आणि चरबी पांढरी, घट्ट होईपर्यंत वर हात धरून बसली होती. वडील, काउंट हाल्मोशी, सरकारी शेतावर डुकरं राखू लागले. इल्का भाताच्या खाचरात निंदणीला जाई.

पहिल्याच हिवाळ्यात झडती झाली. पोलीस हवालदाराने गाद्या फाडल्या, चूल उकरली, मग चमचा घेऊन चरबीच्या डब्याकडे वळला. इल्काने त्याच्या हातातून चमचा घेतला. एवढ्या थंडीत उभे आहात, दोन घास खा, असं म्हणून तिने ब्रेडचा जाड तुकडा कापला, डब्यातली वरची चरबी खरवडून त्यावर फासली, कांदा चिरला, पाप्रिका भुरभुरली. हवालदाराने खाल्लं. आणखी मागितलं. तिने आणखी खरवडलं, आणि चमच्याच्या टोकाला काहीतरी टक् करून लागलं. इल्काने हात न थांबवता ब्रेड पुढं केला आणि त्याच्या बायकोची चौकशी केली. बाकोबाई दारात उभी होती. हवालदार गेल्यावर ती एवढंच म्हणाली की तुमची चरबी जरा कडक झालीय, चुलीजवळ ठेवत जा. पुढं दोन वर्षांत त्या बाईने तोंडातून ब्र काढला नाही.

त्या दोन वर्षांत एक हिवाळा असा गेला की घरात बटाट्यांच्या सालांचं सूप होतं. एक ओंबी, फक्त एक, मोडली असती तर पिठाचं पोतं आलं असतं. इल्काने मोडली नाही. आपल्यावर विश्वासाने टाकलेली वस्तू आहे, असं तिला वाटे. तेव्हा ती मूर्ख होती, हे तिचं आताचं मत होतं. आई त्याच हिवाळ्यात न्यूमोनियाने गेली. गावच्या गुरांच्या डॉक्टरने, बालाझने, इल्काला मागणी घातली तेव्हा वडिलांनी डुकरांमागून येऊन, बूट न काढता, सांगितलं की हाल्मोशींच्या मुली गुरांच्या डॉक्टरला दिल्या जात नाहीत. इल्काने ऐकलं. हेही मूर्खपणात धरायचं.

वडील ५९ साली वारले. शेवटच्या आठवड्यात तिने त्यांना विचारलं होतं की ओंब्या मी ठेवू का. वडील म्हणाले, “त्या गाबोरच्या बायकोच्या. त्याला कळव.” पाणी पाजणाऱ्या हाताकडे त्यांनी पाहिलंसुद्धा नाही. गाबोर दर नाताळला व्हिएन्नाहून कार्ड पाठवी आणि त्यात, पत्रं फोडली जातात म्हणून, ‘आईच्या जॅमची बरणी ठीक आहे ना’ असं विचारी. इल्का ठीक आहे ना, हे विचारायला कार्डावर जागा उरत नसावी.

या सगळ्याचं पुस्तिकेत काय झालं होतं, तर ‘कुटुंबाच्या ताब्यात सुरक्षित.’

इल्का कोपऱ्यावरच्या टपालघरात गेली आणि तिने व्हिएन्नाला फोन लावला. भांडायला नाही, नीट सांगायला. बोर्बाला, झुझान्ना आणि मी, तीन नावं घाल, एवढंच तिने मागितलं. क्रिस्टोफने सगळं ऐकून घेतलं. तो सभ्य माणूस होता, त्याला ऐकून घ्यायचं शिक्षण मिळालं होतं. मग तो म्हणाला की पुस्तिका छापून झाली आहे, शिवाय तिचा विषय वेगळा आहे.

“आत्या, हा ओंब्यांचा इतिहास आहे, लपवाछपवीचा नाही. ज्यांनी घातल्या त्यांचीच नावं येणार ना?”

“तुझ्या आईने कुठं घातल्या? व्हिएन्नात तिचं लग्न लागलं तेव्हा त्या माझ्या पलंगाखाली होत्या.”

“आई सून आहे. तिचा हक्क होता.”

“आणि मी घातल्या असत्या तर माझं नाव आलं असतं?”

क्रिस्टोफ हसला. खट्याळ लहान मुलीला हसावं तसं. बिनलग्नाच्या बाईने मुकुट घालायचा नसतो हे त्याने तिला सांगितलंही नाही. ते तिला ठाऊक आहे, हे त्याने गृहीत धरलं. “अर्थात, आत्या,” तो म्हणाला. “घातल्या असत्या तर नक्की आलं असतं.”

बस. माणसाला एवढंच हवं असतं कधी कधी, समोरच्याने नियम काय तो स्वच्छ सांगावा.

शनिवारी सकाळी सहा वाजता तेर्का आली. इल्काने तपकिरी फीत तिला दाखवली आणि कचऱ्याच्या डब्यात टाकली. इल्काचे केस पांढरे होते, तर फीत पांढरी हवी. मखमल कुठून आणणार, म्हणून तेर्काने उशीच्या अभ्र्याची पांढरी नाडी ओढून काढली आणि पट्टीवर गुंडाळायला बसली. तीस वर्षं केसापेक्षा बारीक तार गुंडाळलेल्या त्या बोटांनी वेढ्याला वेढा असा चिकटवला की मधून उजेड जाऊ नये. हाल्मोशींच्या आजवरच्या कुठल्याही मुकुटवालीला असं कारागिराचं काम मिळालं नव्हतं.

“मान हलवू नकोस, काउंटेसबाई. आकडा टाळूत गेला तर मला बोल लावू नको.”

“जाऊ दे. टाळूही आमचीच आहे.”

आरशात पाहायला तेर्काने तिला उभं केलं. इल्काला वाटलं होतं की रडू येईल, पण आलं नाही. राग आला. ही वस्तू इतकी साधी डोक्यावर बसते, आणि त्याला चाळीस वर्षं लागली.

कारखान्याच्या निरोप-समारंभातला निळा पोशाख, सपाट काळे बूट आणि डोक्यावर नऊ ओंब्या, अशी ती किशहाल्मोशच्या बसमध्ये चढली. तेर्काने रुमाल बांधायला सुचवलं होतं. इल्का म्हणाली की चाळीस वर्षं झाकूनच ठेवलं. ड्रायव्हरने तिकीट फाडताना विचारलं की आजी, नाटकाला निघालात का. तेर्काने सांगितलं, हो, आणि तू मध्ये बोलू नकोस, तुझा प्रवेश संपला. मागच्या बाकावरच्या बायका खो खो हसल्या. एकीने जवळ येऊन विचारलं की खरे आहेत का. इल्का म्हणाली, खरे आहेत. बाईने विश्वास ठेवला नाही आणि तिला एक प्लम दिला.

चर्चसमोर गाड्या उभ्या होत्या, सगळ्या परदेशी नंबरच्या. एका बाजूला व्हिएन्नाचे पाहुणे, हातात पुस्तिका. दुसऱ्या बाजूला गावकरी, रिकाम्या हाताने. पायऱ्यांवर क्रिस्टोफ घड्याळाकडे पाहत होता आणि त्याच्याजवळ त्याची आई हेडविग, करड्या रेशमी पोशाखात. नवरी योहाना चर्चच्या बाजूच्या खोलीत केस विंचरून, ओंब्यांपुरती जागा सोडून, बसली होती.

आधी हेडविगने पाहिलं. तिच्या चेहऱ्यावर जे आलं ते राग नव्हता. तो नंतर आला. आधी भूक आली. ही वस्तू ती आयुष्यात पहिल्यांदा पाहत होती.

“इल्का, ते काढा,” ती हळू म्हणाली. “लोक बघताहेत.”

“बघायलाच आलेत, वहिनी.”

“बिनलग्नाची बाई मुकुट घालत नाही. तुम्हाला आईने शिकवलं असेल.”

“शिकवलं होतं. आई त्याच खोलीत गेली, जिथं हा चरबीत होता. आईलाही आणि यालाही मीच सांभाळलं.”

हेडविगचे डोळे मुकुटाच्या पट्टीवर खिळले. ती नाडी तिला दिसली. पुस्तिकेत एक पूर्ण पान त्या फितींवर होतं, सुनांच्या रंगांचे थर, शतकाचा वारसा वगैरे. तिने विचारलं की या पांढऱ्याखाली लेओंतिनाबाईंची फीत आहे ना, मेलिंडाबाईंची आहे ना.

“त्या चुलीत गेल्या. ५३ साली. दोन वर्षं चरबीत राहून वास मारत होत्या.”

पायऱ्यांवर कुणीतरी फिसकन हसलं. हेडविग मात्र एकदम भडकली. तिने पस्तीस वर्षं वाट पाहिली होती, उघड्या डोक्याने, उसन्या पोशाखात लग्न केलं होतं, नवऱ्याने दर वर्षी सांगितलं होतं की सीमा उघडली की तुझ्या डोक्यावर ठेवीन, आणि तो तसाच मेला. निदान माझ्या सुनेच्या डोक्यावर तरी पाहू दे, असं ती म्हणाली, आणि म्हणताना तिचा आवाज फाटला. इल्काने ऐकून घेतलं. तिला हेडविगचं खोटं वाटलं नाही. दोघींना एकाच घरच्या माणसांनी ताटकळत ठेवलं होतं. पण हेडविगचं नाव नवव्या पानावर होतं.

मग क्रिस्टोफ मध्ये पडला. त्याने आवाज चढवला नाही. कायद्याने ही वस्तू घराण्याच्या प्रमुखाची आहे, आत्या, आणि मला वकील आणायला लावू नका, असं त्याने सांगितलं.

“घराण्याचा प्रमुख, काउंट, हे सगळं ४७ सालीच रद्द झालं, क्रिस्टोफ. आता मी माझ्या बापाची मुलगी आणि तू त्याचा नातू. जा कोर्टात. निकाल लागेपर्यंत राहू दे डोक्यावर.” मग तिने सगळ्यांना ऐकू जाईल असं सांगितलं, “तू म्हणालास, घालेल तिचं नाव येईल. मी घातलाय.”

बाजूच्या खोलीचं दार उघडून योहाना बाहेर आली होती. ती काही देवदूत नव्हती. तिने इल्काकडे आपल्या जागेवर दुसरीच गाडी लावलेली पाहावी तसं पाहिलं. मग क्रिस्टोफला म्हणाली की अर्धा तास मी केस धरून बसलेय, आता मी नुसता लग्नाचा जाळीचा बुरखा घालते, तुमचं भांडण तुम्ही जेवताना संपवा. आणि आत गेली. त्या घरात आयुष्यभर जो निर्णय कुणाला घेता आला नव्हता तो तिने अर्ध्या मिनिटात घेतला, तोही वैतागून.

इल्का तिसऱ्या बाकाशी थांबली नाही. ती पहिल्या बाकावर जाऊन बसली आणि तेर्काला शेजारी बसवलं. प्रार्थना लांबली. मुकुट जड होता, तिला वाटलं होतं त्याहून पुष्कळ जड. कानामागे पट्टी रुतत होती, मानेत कळ जात होती. आमालिया, लेओंतिना, आई, सगळ्या हे घेऊन चार-चार तास नाचल्या असतील. हेही पुस्तिकेत नव्हतं. तेर्काने खुणेने विचारलं, काढू का. इल्काने डोळ्यांनीच नाही म्हटलं.

बाहेर फोटोची तयारी होती. फोटोग्राफर तालुक्याच्या गावचा होता, त्याला घराण्याची भानगड ठाऊक नव्हती. त्याने घोळका पाहिला, कोण काय ते एका नजरेत ठरवलं, आणि हाक मारली की मुकुटवाल्या बाई मध्ये. क्रिस्टोफ म्हणाला की आधी एक त्यांच्याशिवाय काढा. फोटोग्राफर म्हणाला की असं कसं, मग हा सगळा थाट कशाला. गावकऱ्यांतली एक म्हातारी मोठ्याने म्हणाली, हीच ती, डुकरं राखणाऱ्या काउंटची पोरगी. ती निंदाही नव्हती आणि स्तुतीही. ओळख होती.

इल्का मध्ये उभी राहिली. डावीकडे योहाना, बुरखा सावरत. उजवीकडे क्रिस्टोफ. हेडविग आली नाही, आणि मग, फोटोग्राफरने तिसऱ्यांदा बोलावल्यावर, आली.

“आत्या, देणार कधी?” क्रिस्टोफने ओठ न हलवता विचारलं.

“मेल्यावर. वकिलाकडे लिहून ठेवलंय.”

“योहानाच्या नावे?”

“तुला मुलगी झाली तर तिच्या नावे. तिने लग्न करो, न करो. जन्मल्या दिवसापासून तिचा. सुनेला नाही.”

“आणि मुलगा झाला तर?”

फोटोग्राफरने हात वर केला, आता हलू नका म्हणाला. इल्काने मान ताठ केली, कळ थेट पाठीत उतरली तरी.

“तर आणखी एक होऊ द्या,” ती म्हणाली. “मला घाई नाही.”